पाटीवरचे 'शुद्ध' आणि गंगाराम कांबळेंचा चहा

सध्या वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंत एक प्रकार फार चालतो. जुन्या शाकाहारी हॉटेलांच्या संस्थापकांचे स्मरण. गावाकडून रिकाम्या हाताने आलेला पोरगा, आधी कपबश्या विसळल्या, मग पीठ वाटले, मग स्वतःचे हॉटेल टाकले. शेवटी सांबाराच्या चवीचे वर्णन. वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते आणि प्रश्न विचारायचा राहून जातो.

प्रश्न साधा आहे. त्या पहिल्या बाकावर बसायची परवानगी कोणाला होती?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर 'यांना सगळीकडे जातच दिसते' म्हणणारे धावून येतील. त्या माणसांच्या कष्टांची मला टिंगल करायची नाही. बंगळुरात 1924 मध्ये सुरू झालेले मावळ्ळी टिफिन रूम असो की माटुंग्यात 1942 मध्ये रामा नायक यांनी काढलेले उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, पहाटे भट्टी पेटवून शेकडो माणसांना स्वस्त, ताजे जेवण देणे हे खायचे काम नाही. मुंबईत एकट्याने राहणाऱ्या कारकुनाला आणि कामगाराला या खानावळींनी जगवले. हॉटेलात राबणाऱ्या कन्नड पोरांसाठी रात्रशाळा निघाल्या, त्यात शिकून कित्येक जण पुढे गेले. हे सगळे मान्य.

पण धंदा कशावर उभा राहिला, तेही सांगा ना.

1890 साली पुण्यात टिळक-रानड्यांसह काही मंडळींनी पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला. तेवढ्यावरून ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, प्रायश्चित्ते झाली. एक कप चहा! ज्या समाजात घराबाहेरच्या चहाने माणूस बाटतो, तिथे हॉटेल चालणार कसे? उत्तर पाटीवर लिहिलेले असे : 'ब्राह्मणांचे हॉटेल'. म्हणजे आचारी कोण, वाढपी कोण, पाणी कोणी भरले याची हमी. गिऱ्हाईक इडलीचे पैसे देत होता, आणि न बाटण्याचेही. आजचे लेख ज्याला 'विश्वासाची चव' म्हणतात ती हीच.

मद्रासकडे हे उघड चालले. रेल्वेच्या उपाहारगृहांत ब्राह्मणांना बसायला वेगळी जागा होती. पेरियारांच्या चळवळीने लढून 1941 मध्ये ती बंद पाडली. पुढे 1957 मध्ये, म्हणजे अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा 1955 चा कायदा झाल्यावरही, तिरुवल्लिकेणीच्या मुरली कॅफेवर 'ब्राह्मण' शब्दाची पाटी होतीच. तिच्यासमोर रोज निदर्शने झाली, शेकडो कार्यकर्ते तुरुंगात गेले. किती फूड ब्लॉगरांनी त्यांची आठवण काढली?

आणि बाबासाहेबांच्या संविधानातले कलम 15 चे दुसरे उपकलम उघडून बघा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे तिथे लिहावे लागले. विहिरी, तलाव, घाटांच्या जोडीने हॉटेल! चवदार तळ्याचा आणि हॉटेलातल्या पेल्याचा प्रश्न एकच होता, म्हणून ते एकाच कलमात आहेत. माझ्या वडिलांच्या लहानपणी गावच्या टपरीत आमच्या लोकांची कपबशी बाहेर वळचणीला अडकवलेली असे. चहा वरून ओतायचा, प्यायचा, स्वतः विसळून परत अडकवायची. पैसे मात्र तेवढेच. वडील आजही हॉटेलात शिरले की आधी कोपऱ्यातले टेबल शोधतात. एम.ए.ला समाजशास्त्रात मी जे शिकलो, त्यापेक्षा ते कोपऱ्यातले टेबल मला जास्त शिकवून गेले.

मुंबईने हे काही प्रमाणात मोडले, हेही खरे. गर्दीच्या शहरात दारावर जात विचारत बसले तर गल्ला भरत नाही. पुढे उडुपी हॉटेलांचा धंदा मोठ्या प्रमाणात बंट समाजाच्या, म्हणजे ब्राह्मणेतर मालकांकडे आला. पाटीवरचा 'ब्राह्मण' गेला, पण 'शुद्ध' राहिला. शाकाहारी म्हटले असते तर भागत नव्हते का? भेंडीची भाजी अशुद्ध कशी होते, कोणी समजावून सांगेल का? ज्याला मांस नको त्याने खाऊ नये, त्यावर आमचे काहीच म्हणणे नाही. 'शुद्ध' हा शब्द मात्र भाजीबद्दल बोलत नाही, शेजारी बसलेल्या माणसाबद्दल बोलतो.

म्हणूनच 2023 मध्ये आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी टेबले राखीव होतात आणि त्यांवर बसून मांसाहार करून विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड होतो. मार्च 2024 मध्ये झोमॅटो 'शुद्ध शाकाहारी' ताफा आणते, डिलिव्हरी करणाऱ्या पोरांना वेगळा हिरवा गणवेश जाहीर करते आणि ओरड झाल्यावर एका दिवसात तो मागे घेते. डबा बंद, अन्न बंद, तरी कोणाच्या पाठीवरून आले याची चिंता! पंचहौदचा चहा अजून थंड झालेला नाही.

हॉटेलांच्या प्रवर्तकांची यादी करायचीच असेल, तर कोल्हापूरच्या गंगाराम कांबळेंना वगळून ती करता येणार नाही. हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारले. शाहू महाराजांनी त्यांना नुसता धीर दिला नाही, चहाचे हॉटेल काढायला मदत केली. महाराचे हॉटेल म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवत, चहा मागवत आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही तो प्यायला लावत. राजासमोर नाही म्हणायची हिंमत कोणाची? महाराजांच्या पश्चात त्यांचे स्मारक उभारायला पुढे झाले तेही हेच गंगाराम. या माणसाकडे ना कुळाची हमी होती, ना मठाची. त्याने बाटण्याची भीतीच दुकानात मांडली आणि ती गिऱ्हाइकाला गिळायला लावली.

मित्रांनो, आपल्या वस्तीत सत्तरी ओलांडलेली माणसे अजून आहेत. आमच्या विहारातल्या अभ्यासिकेची पोरे या महिन्यापासून त्यांच्याकडे वही घेऊन जाणार आहेत. पहिल्यांदा हॉटेलात आत कधी बसलात? कपबशी कुठे असायची? मालक काय म्हणाला? तुमच्या गावातही विचारा, तारीख-साल जमेल तसे लिहून घ्या. टपरीच्या वळचणीचा तो खिळा अजून जागेवर असेल, तर त्याचा फोटोही काढा.

जय भीम.