उसने वेळापत्रक

जिममध्ये स्टेरॉइडचा विषय निघाला की वकिली ठरलेली असते. "कोर्स लावला म्हणून बॉडी आपोआप होत नाही. घाम गाळावाच लागतो, डाएट पाळावंच लागतं. इंजेक्शन फक्त शेवटचे दहा टक्के देतं!"

युक्तिवाद ऐकायला प्रामाणिक वाटतो. मात्र त्याचा समाचार घेण्याआधी दुसऱ्या बाजूचीही एक चूक पदरात घेतली पाहिजे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९७७ साली, स्टेरॉइडमुळे खेळातली कामगिरी सुधारते याला ठोस पुरावा नाही, असे जाहीर केले होते. ही भूमिका त्यांना १९८० च्या दशकात बदलावी लागली. व्यायाम करणाऱ्यांनी तोवर शेजारच्या बाकावरची छाती फुगताना डोळ्यांनी पाहिली होती. औषधाचा परिणामच नाकारणाऱ्यांचे दुष्परिणामांबद्दलचे इशारे मग कोण ऐकणार?

तेव्हा आधी हे मान्य करू, की स्टेरॉइड काम करतात. किती करतात, हे शालेंदर भसीन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडले. पुरुषांचे चार गट केले, सर्वांचा आहार सारखा आखला. काहींना दहा आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिले, काहींना औषध नसलेले इंजेक्शन. औषधाविना व्यायाम करणाऱ्यांचे चरबी वगळून वजन १.९ किलोने वाढले. औषध आणि व्यायाम दोन्ही असलेल्यांचे ६.१ किलोने. आणि ज्यांनी औषध घेतले पण व्यायामच केला नाही, त्यांचे? ३.२ किलोने. घरी बसलेला माणूस घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. 'शेवटचे दहा टक्के' इथेच निकालात निघतात.

खरी फसवणूक पुढे सुरू होते. व्यायामानंतर स्नायूंची बांधणी वेग घेते आणि नैसर्गिक शरीरात एक-दोन दिवसांत पुन्हा मंदावते. बाहेरून आलेले हार्मोन हा वेग टिकवून धरते. त्यामुळे आठवड्यातले सहा दिवस, दोन-दोन तास, सेटमागून सेट, हे सगळे कोर्सवरच्या शरीराला पचते. तेच वेळापत्रक नवशिक्या पोराच्या हाती येते. महिनाभरात त्याचा खांदा धरतो, झोप उडते, वजनाचा काटा हलत नाही. मग प्रशिक्षक सांगतो, "बॉडी अडकलीय, आता कोर्स लावू." सुईची जाहिरात वेगळी करावीच लागत नाही, ते काम वेळापत्रकच करते.

डाएट चार्टचेही तेच. प्रोटीनविषयीच्या ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे प्रोटीन नेले, तर स्नायूंना त्याचा फारसा फायदा दिसला नाही. म्हणजे सत्तर किलोच्या तरुणाला सुमारे ११२ ग्रॅम पुरतात. बाकीची पावडर दुकानदाराच्या पोषणासाठी. स्पर्धेआधी चरबी उतरवण्याचे कडक 'कटिंग' तर आणखी फसवे. स्टेरॉइड घेणाऱ्याचा स्नायू उपासमारीतही बराच टिकतो. न घेणाऱ्याच्या चरबीबरोबर कमावलेला दंडही उतरतो.

"पण रिकव्हरी तर फास्ट होते ना?" स्नायूंची होते. त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा त्या वेगाने मजबूत होत नाहीत. वाढलेल्या ताकदीने वाढीव वजन उचलताना त्या फाटतात, ते याचमुळे. आत आणखी एक हिशेब चालू असतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन येते आहे हे कळताच मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना आदेश देणे थांबवते. वृषणे आक्रसतात, शुक्राणू घटतात. कोर्स थांबल्यावर हा कारखाना पुन्हा सुरू व्हायला महिनोन्‌महिने लागू शकतात.

इथे 'पीसीटी'चा, म्हणजे कोर्सनंतरच्या उपचाराचा, हवाला येतो: नंतर गोळ्या घेतल्या की सारे पूर्ववत. त्या गोळ्या फार तर हार्मोनचे चक्र फिरवतील, हृदयाचे काय? २०१७ साली 'सर्क्युलेशन'मध्ये १४० अनुभवी वजन उचलणाऱ्यांचा अभ्यास आला. हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्यात किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते मोजले. न घेणाऱ्यांत सरासरी ६३ टक्के, घेणाऱ्यांत ५२. ज्यांनी औषध थांबवले होते त्यांचा आकडा सुधारलेला दिसला. पण आयुष्यभरात जितके स्टेरॉइड जास्त, तितकी हृदयाच्या रक्तवाहिन्यांतली चरबीची पुटे जास्त आढळली.

"डॉक्टरही देतातच की!" देतात. ज्याचे शरीर हे हार्मोन बनवत नाही त्याला, रक्त तपासून, मोजून. सप्लिमेंटच्या डब्याआडून, चिठ्ठीशिवाय नव्हे.

मग सुईविना शरीर घडतच नाही काय? बंगालच्या मनोहर ऐच यांनी १९५२ साली मिस्टर युनिव्हर्स किताब मिळवला. डायनाबॉल ही स्टेरॉइडची गोळी बाजारात आली १९५८ साली. चार फूट अकरा इंचांचे ऐच १०४ वर्षे जगले. एका माणसावरून नियम सिद्ध होत नाही. 'शक्यच नाही' हा दावा मात्र खोटा ठरतो. त्यांचा देह आजच्या मंचावर कदाचित पहिल्या फेरीत बाद होईल. तो दोष आजच्या मापदंडाचा आहे. 'मुंबई श्री'पासून 'भारत श्री'पर्यंतच्या शरीरसौष्ठव स्पर्धांच्या आयोजकांनी उत्तेजक चाचणीला रोख बक्षिसाइतकेच महत्त्व दिले, तर हा मापदंड खाली येऊ शकेल.

तोवर जिममध्ये नाव घालणाऱ्या तरुणाने एवढे तरी करावे. हातात चार्ट देणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारावे: "सर, हे वेळापत्रक तुम्ही स्वतः पाळलंत तेव्हा सोबत काय घेत होतात?"