संगणकाचा गाभा आणि आमचे विद्यार्थी

नववीच्या विद्यार्थ्यांनी संगणकवर्गात यंदा लिनक्सचा कर्नेल स्वतः बांधला, हे वृत्त पालकसभेत सांगितले गेले तेव्हा टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांच्या पाठोपाठ दोन प्रश्नही आले. पहिला प्रश्न, हे परीक्षेला आहे काय? दुसरा प्रश्न, जी वस्तू बाजारात तयार आणि तीही फुकट मिळते, ती मुलांनी हाताने कशासाठी बांधावी? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, भाषा शिकविणे हा आमचा व्यवसाय; तेव्हा या विषयात आमचे काय काम, असा तिसरा प्रश्नही काही सुज्ञ पालकांनी सौजन्याने मनातच ठेवला असेल. त्याचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सारे त्यातूनच निघते.

आम्ही तुलसी नगरात राहतो. घरात आमची भाषा कोंकणी, शाळेत मराठी आणि रस्त्यावर उतरताच हिंदी. घरी आम्ही ज्याला उदक म्हणतो त्याला शाळेत पाणी म्हणतो. अशा माणसाचे अर्धे आयुष्य दुभाष्याचे असते. संगणकाच्या पोटातही असेच दुभाषी बसलेले असतात आणि त्यांना ड्रायव्हर म्हणतात, हे आम्हांला कळले तेव्हापासून हा विषय आम्हांला परका वाटेनासा झाला. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. स्मृती कोणाला किती द्यावी, कोणत्या कामाला कधी वेळ द्यावा, हा सारा कारभार तो पाहतो. परंतु संगणकाला जोडलेले प्रत्येक यंत्र आपापल्या बोलीत बोलते. नेटवर्क कार्ड, म्हणजे ज्याच्या द्वारे एक संगणक दुसऱ्याशी तारेने जोडला जातो ते छोटेसे यंत्र, हेही त्यांतलेच एक. ते कोणत्या पत्त्यावर काय लिहिले असता निरोप पाठविते, निरोप आला की कशी हाक मारते, हे प्रत्येक कारखानदाराने आपल्या मर्जीने ठरविलेले असते. कर्नेलला ही बोली समजावून सांगणारा कार्यक्रम तो ड्रायव्हर. दुभाषी नसेल तर धडधाकट कार्डही मुके ठरते.

आता कर्नेल बांधताना काय करावे लागते ते थोडक्यात सांगू. ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की पडद्यावर एक लांबलचक सूची उघडते. तीत डिव्हाइस ड्रायव्हर्स, त्यात नेटवर्क डिव्हाइस सपोर्ट, त्याच्याही आत इथरनेट ड्रायव्हर सपोर्ट, अशा एकात एक खोल्या आहेत. शेवटच्या खोलीत कारखानदारांची नावे मांडलेली असतात. पूर्वी तेथे बरीच सरमिसळ होती. जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या ३.२ या आवृत्तीपासून ही घरवार मांडणी झाली. येथे एक गमतीचा खड्डा आहे. एखाद्या कारखानदाराच्या नावापुढे ‘नाही’ म्हटले, तर त्याच्या कार्डांविषयीचे पुढचे प्रश्न विचारलेच जात नाहीत. ज्याचे आडनावच वगळले, त्याच्या मुलांची हजेरी कोण घेणार?

प्रत्येक ड्रायव्हरापुढे उत्तरे तीन. तारांकन म्हणजे दुभाष्याला कर्नेलच्या घरातच कायमचे ठेवावे. ‘एम’ म्हणजे तो मॉड्यूल म्हणून शेजारी राहील, काम पडेल तेव्हा बोलावून घ्यावा. रिकामी चौकट म्हणजे तो मुळीच नको. सर्वांनाच घरात घेतले तर कर्नेल विनाकारण फुगतो. सर्वांनाच नको म्हटले तर संगणक एकलकोंडा होतो. म्हणून निवड करावी लागते, आणि निवड करण्यापूर्वी आपल्यापाशी कोणते कार्ड आहे हे जाणून घ्यावे लागते.

आमच्या मते या साऱ्या धड्याचे सार या एका पायरीत आहे. विद्यार्थ्यांना सवय असते ती उत्तर आधी आणि प्रश्न मागाहून शोधण्याची. येथे ते चालत नाही. खोक्यावर छापलेले नाव पाहून भागत नाही, कारण खोके एकाचे आणि आतील चिप दुसऱ्याची असे सर्रास आढळते. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली असता प्रत्येक कार्ड आपली ओळख दोन आकड्यांत सांगते: पहिला आकडा कारखानदाराचा, दुसरा त्या विशिष्ट चिपेचा. इंटेलचा कारखानदार-आकडा ८०८६ आहे. १९७८ साली त्याच क्रमांकाचा प्रोसेसर त्या कंपनीने काढला होता, हे ठाऊक असलेली मुले हा आकडा पाहून हसतात. रिअलटेकचा आकडा १०ईसी. मुलांनी वह्यांत हे आकडे उतरविले, पेचकसाने झाकण उघडून चिपेवरील बारीक अक्षरे भिंगातून वाचली, दोहोंचा मेळ घातला आणि मग सूचीला हात लावला.

हा उद्योग ज्या संगणकांवर झाला ते पाचही संगणक एका कचेरीने वापरून टाकून दिलेले, ३२-बिट जातीचे होते. डेबियन ही लिनक्सची प्रसिद्ध वितरणप्रणाली. तिनेसुद्धा ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या १३ व्या आवृत्तीपासून अशा संगणकांसाठी तयार कर्नेल देणे बंद केले. ‘तयार मिळते ना!’ या आक्षेपाला हे पहिले उत्तर. तयार मिळते तोवरच मिळते. मुलांनी एका नव्या संगणकावर कर्नेल बांधला, जुन्यांवर नेऊन घातला, आणि पाचही संगणक सुरू झाले. मात्र नेटवर्कचा पत्ता नव्हता. त्याच दिवशी दुसऱ्या कामासाठी आलेल्या एका दुरुस्तीकाराने उभ्या उभ्या निदान केले की कार्डे गेलेली आहेत, संगणकही जुने आहेत, भंगारात द्यावेत आणि नवे घ्यावेत. नव्यांचे दरपत्रकही त्यांच्या पिशवीत होते.

दरपत्रक पाहून आमच्यापैकी काहींचा धीर सुटला, हे खरे. परंतु एका विद्यार्थिनीने कर्नेलने सुरू होताना लिहिलेली रोजनिशी काढली. तिला ‘डीमेसग’ म्हणतात. ती ओळीमागून ओळ वाचीत गेली आणि अर्ध्या तासाने तिला हवी ती ओळ सापडली. कार्डे रिअलटेकच्या ८१३९ चिपेची होती. या एकाच क्रमांकाच्या चिपेच्या दोन पोटजाती आहेत आणि त्यांचे ड्रायव्हरही दोन: ‘८१३९सीपी’ आणि ‘८१३९टू’. सूचीत सीपी आधी येतो. मुलांनी तोच घेतला होता आणि टू सोडून दिला होता. आणि तो सीपी बिचारा रोजनिशीत स्वच्छ लिहून ठेवीत होता की ही चिप माझ्या पोटजातीची नाही, कृपया टू याला बोलवा. आपल्याला येत नाही ते येत नाही असे सांगून योग्य माणसाचे नावही सुचविणारा दुभाषी आम्हांला माणसांत क्वचितच भेटला आहे.

ही चूक किती स्वाभाविक आहे हे आमच्याइतके कोणाला कळणार! कोंकणीत ‘म्हाका उदक जाय’ म्हणजे मला पाणी हवे. मराठी कान त्या ‘जाय’मध्ये जाणे ऐकतो आणि पाणी कोठे निघाले म्हणून चकित होतो. दोन भाषा जितक्या जवळच्या तितका फसण्याचा संभव अधिक. टू घेतला, कर्नेल पुन्हा बांधला, आणि पाचही संगणक एकमेकांशी बोलू लागले. खर्च शून्य. जी कार्डे मेली म्हणून सांगितली गेली ती शेवटपर्यंत जिवंत होती.

आमचा मुद्दा येथे आहे. ज्याच्याशी बोलता येत नाही त्याला निकामी म्हणण्याची घाई आपल्याकडे फार झाली आहे. आमच्या तुलसी नगरातील आणि शेजारच्या शिवाजी नगरातील जुनी झाडे बांधकामासाठी तोडण्याचा बेत २०२४ च्या जूनमध्ये निघाला, तेव्हा रहिवासी रस्त्यावर आले आणि तो बेत मागे घ्यावा लागला. झाडांसाठी बोलणारी माणसे सुदैवाने निघाली. जुन्या यंत्रांसाठी तसे कोणी निघत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला, आणि पुढच्या प्रणालीच्या अटींत न बसणारे कित्येक सुस्थितीतील संगणक कचेऱ्यांतून व घरांतून बाहेर पडू लागले आहेत. ते भंगारवाल्याकडे जातील की एखाद्या शाळेत, हे ठरविणारा माणूस बहुधा त्यांच्या आत कोणते कार्ड आहे हे पाहतही नाही. पालकांनो, ज्या घरात दोन भावंडांना मिळून एकही संगणक नाही अशी घरे आपल्या शाळेत आहेत. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न छंदाचा नाही.

आमच्या गोव्यात या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत नेमका असा प्रयत्न झाला होता. परदेशांत वापरून झालेले संगणक जमवून, त्यांवर लिनक्स घालून, ते शाळांना देण्याचा ‘गोवा स्कूल्स कंप्युटर्स प्रोजेक्ट’ हा उपक्रम तेथे गोमंतकीयांनी, त्यांत परदेशी राहणाऱ्यांनीही, हाती घेतला होता. केरळ राज्याने तर २००१ साली सुरू केलेल्या आपल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ या योजनेतून पुढे साऱ्या राज्याच्या सरकारी शाळा अशा मुक्त प्रणालींवर आणल्या. तेव्हा आम्ही काही जगावेगळे सांगत आहोत असे नाही.

ज्यांना हे काम अधिक खोलवर करून पाहावयाचे आहे अशा विद्यार्थ्यांसाठी एक कोडे देतो. जुन्या संगणकाची डिस्क बिघडली असेल तर ती काढून टाकून, सारी प्रणाली नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकातून आणता येते. अशा वेळी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर ‘एम’ करून ठेवला आणि मॉड्यूल त्या दुसऱ्या संगणकात राहिले, तर काय होईल? मॉड्यूल आणण्यासाठी नेटवर्क हवे, आणि नेटवर्कसाठी मॉड्यूल हवे. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावल्यासारखे ते होते. तेथे दुभाष्याला घरातच ठेवावा लागतो, म्हणजे तारांकन. किंवा आरंभापुरत्या लागणाऱ्या ‘इनिट्रॅमएफएस’ नावाच्या छोट्या शिदोरीत तो आधीच बांधून द्यावा लागतो. तीन उत्तरांतील कोणतेही उत्तर स्वभावतः बरोबर किंवा चूक नसते, परिस्थिती पाहून ते द्यावे लागते, हे आम्ही वर्गात व्याकरण शिकविताना इतक्या स्पष्टपणे कधीच पटवू शकलो नाही.

हे दुभाषी लिहिले कोणी? लिनस टॉर्व्हल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु अमेरिकेच्या नासा संस्थेत काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर यांचे नाव क्वचित कोणी घेते. १९९४ च्या सुमारास स्वस्त संगणक तारांनी जोडून त्यांच्याकडून महासंगणकाचे काम करवून घेण्याच्या ‘बेओवुल्फ’ प्रकल्पात ते होते, आणि त्यासाठी त्यांनी लिनक्सकरिता इथरनेट कार्डांचे अनेक ड्रायव्हर लिहिले. आमच्या पाच संगणकांना वाचा देणारा ‘८१३९टू’ हाही त्यांच्याच कामावरून जेफ गार्झिक यांनी पुढे तयार केलेला.

आणि आपल्याकडे? पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ‘परम’ महासंगणक बांधले, हे पाठ्यपुस्तकांत असते. त्या महासंगणकांतील संगणक एकमेकांस जोडण्यासाठी तिने ‘परमनेट’ नावाची स्वतःची जोडयंत्रणा घडविली, हे मात्र थोड्यांनाच माहीत आहे. पुण्याच्या २००८ सालच्या ‘परम युवा’साठी तिची तिसरी पिढी तयार झाली. तीत नेटवर्क कार्डासाठी ‘जेमिनी’ नावाची चिप होती, निरोप वाटून देणाऱ्या स्विचाचे नाव होते ‘अन्वय’, आणि कार्डाशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचे नाव ‘क्षिप्रा’. अन्वय म्हणजे शब्दांचा परस्परसंबंध. संस्कृतच्या तासाला ज्याने घाम फुटतो तोच. क्षिप्रा म्हणजे शीघ्र वाहणारी, आणि आपल्या मध्य प्रदेशात उज्जैनीला वळसा घालणारी नदीही. भाषेचा माणूस या खोलीत उपरा नाही, याला याहून चांगला पुरावा आम्ही कोठून आणावा?

परीक्षेचा प्रश्न राहिला. नाही, हे परीक्षेला नाही. नित्याच्या वापरासाठी घरोघर कर्नेल बांधीत बसावे असेही आमचे म्हणणे नाही. तयार वितरणप्रणालीत जवळजवळ सारे ड्रायव्हर मॉड्यूलरूपाने असतात आणि बहुतेकांनी तेच वापरावे. आमची मागणी एवढीच की नववीच्या प्रत्येक तुकडीने वर्षातून एकदा, चार शनिवार देऊन, एक कर्नेल बांधावा आणि त्यात नेटवर्क कार्डाची निवड तयार उत्तराविना करावी. बांधणीला वेळ लागतो, तेवढ्यात निबंध तपासून होतात, हा आमचा स्वतःचा लाभ आम्ही लपवून ठेवीत नाही.

पुढील वर्षाच्या तुकडीसाठी दोन संगणक कपाटात ठेवले आहेत. त्यांतील एकाच्या कार्डावरील अक्षरे पूर्ण झिजली असून भिंगाचा उपयोग होणार नाही. आकड्यांवरूनच ओळख पटवावी लागेल. ज्या पालकांच्या घरी जुनी नेटवर्क कार्डे पडून असतील, त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी संगणकवर्गात आणून द्यावीत. चालू आहे की बंद, याची चौकशी आधी करून येण्याची आवश्यकता नाही.