रंगाखालची भिंत

एप्रिल महिन्यात गोव्यातली सगळीच घरं चांगली दिसतात. भिंती कोरड्या, खिडक्या उघड्या, बाल्कनीत कोकमं वाळत घातलेली. अशाच एका एप्रिलमध्ये, २०२३ साली, आम्ही फोंड्याला फ्लॅट घेतला. दुसरा मजला, दोन बेडरूम, इमारत बारा वर्षांची. आधीच्या मालकांनी नुकताच रंग काढून घेतला होता. फिकट पिवळा, अगदी माझ्या आवडीचा. आत शिरल्या शिरल्या रंगाचा तो वास आला आणि मला वाटलं, चला, आपला पेंटरचा खर्च वाचला!

मी सरकारी खात्यात कारकून. वीस वर्षं फायली हाताळल्यावर माणसाची एक खोड होते, तो कागदावर विश्वास ठेवतो. त्यामुळे कागद मी स्वतः बारकाईने पाहिले. एक-चौदाचा उतारा, तीस वर्षांची मालकीची साखळी, मुंडकाराचा काही दावा नाही ना, ऑक्युपन्सी, घरपट्टीच्या पावत्या. आपल्याकडच्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यामुळे विक्रीपत्रावर नवराबायको दोघांच्या सह्या लागतात, त्याही झाल्या. बँकेचा माणूस येऊन टेप लावून गेला. वकिलांनी सर्च रिपोर्ट दिला. भिंतीला हात मात्र कुणीच लावला नाही. मीही नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आतल्या बेडरूममध्ये वास यायला लागला. कुबट, जुन्या गोणपाटासारखा. सुरुवातीला मी मनावर घेतलं नाही. पावसात आमच्या ऑफिसच्या रेकॉर्ड रूमलाही असाच वास येतो. मग त्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात ठेवलेल्या साड्यांना तो लागला. मग पुस्तकांना. एम. ए. ला असताना पै पै करून घेतलेली मराठी पुस्तकं खालच्या फळीवर होती. एक ओढून काढलं तर पुठ्ठ्यावर पांढरा बुरा, आणि पानं एकमेकांना चिकटलेली. त्याच खोलीत माझी मुलगी झोपायची. तिला रात्रीचा खोकला सुरू झाला होता, आणि आम्ही तो आइस्क्रीमच्या नावावर टाकत होतो.

शेवटी सुतार बोलावला. त्याने कपाटाची मागची प्लायवूडची फळी काढली आणि आम्ही तिघंही गप्प झालो. पश्चिमेची अख्खी भिंत काळी होती. काळ्यावर हिरवट डाग, मध्ये मध्ये कापसासारखा पुंजका. फळी आणि भिंत यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद ठोकलेला होता आणि त्याच्या आत वर्तमानपत्रांची घडी, ओल शोषून घ्यायला घातलेली. एका पानावरची तारीख वाचता येत होती. ऑगस्ट २०२१.

म्हणजे त्यांना माहीत होतं. निदान दोन वर्षं तरी.

मी फोन केला. माणूस सभ्य, आवाज शांत. म्हणाले, "पावसांत गोंयांत खंयचें घर सुकें उरता, बाय?"

हे वाक्य मी तेव्हापासून कितीतरी जणांकडून ऐकलं आहे, म्हणून हा लेख. हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते फार वाईट आहे. खरं एवढंच, की पावसाळ्याच्या चार महिन्यांत आपल्याकडे सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे ११८ इंच. वारा नैऋत्येकडून, त्यामुळे झड येते ती पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींवर. आपला चिरा सच्छिद्र, पाणी पिणारा. ओल येणारच. पण ओल येणं ही निसर्गाची गोष्ट झाली. ती प्लायवूडमागे दडवून विकणं ही माणसाची गोष्ट झाली. या दोन गोष्टी एका वाक्यात कोंबल्या की दुसरीचा दोष पहिलीच्या माथी जातो.

माझं माहेर डिचोली तालुक्यातलं. चिऱ्यांचं, मंगलोरी कौलांचं घर. तिथे ओल नव्हती का? होती की! पण ती सगळ्यांना ठाऊक होती. मे महिन्याच्या शेवटी बाबा पावसाच्या बाजूला विणलेल्या चुडतांची झड बांधायचे. पाटल्यादाराकडच्या भिंतीला घरात 'ओली भिंत' असंच नाव होतं. तिला टेकून कुणी भाताची कणगी ठेवत नसे, की कपड्यांची पेटी. चुलीचा धूर माळ्यापर्यंत फिरायचा आणि कौलांच्या फटींतून वारा. चवथीच्या आधी भिंतीला चुन्याचा हात फिरायचा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, आतलं पाणी बाहेर निघून जातं. घराचा दोष घरातल्या पोरांनाही तोंडपाठ होता, त्यात लाज कसली?

आता आपण सिमेंटचा गिलावा करतो, त्यावर पुट्टी, त्यावर प्लॅस्टिक पेंट. बाहेरून भेगेतून आत आलेलं पाणी आत कोंडतं. मग त्याच भिंतीला प्लायवूडचं कपाट चिकटवतो. बुरशीला हवं काय? ओलावा, आणि खायला लाकूड, कागद, डिंक असलं काहीतरी. ओल्या झालेल्या जागेवर ती एकदोन दिवसांतही धरू शकते. आपण तिला अंधार, ओल आणि जेवण एकाच ठिकाणी वाढून ठेवतो आणि वर रंग मारतो. रंगाने बुरशी मरत नाही. पाणी जिथून येतं ती वाट बंद केल्याशिवाय तिच्यावर कुठलाच उपाय नाही.

"बुरशीने कुणी मरत नाही" असंही ऐकलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास आणि दमा होण्याचं प्रमाण जास्त आढळतं, असं त्यात स्पष्ट आहे. आमच्या डॉक्टरांनी खोकल्याचा दोष नक्की भिंतीचाच असं काही लिहून दिलं नाही. पण मुलीचं अंथरूण त्या खोलीतून हलवा, एवढं मात्र पहिल्याच भेटीत सांगितलं.

आता कायद्याचं. रेरा कायदा २०१६ चा. त्याखाली ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष दिसला तर बिल्डरने तो तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. पण आमची इमारत बारा वर्षांची, आणि विकणारा बिल्डर नव्हे. मात्र १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्याचं ५५ वं कलम म्हणतं, की करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड करायला हवा. न सांगणं ही लबाडी, असंही त्याच कलमात आहे. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा, पण जणू आमच्या कपाटामागे डोकावून लिहिलेला!

आम्ही कोर्टात गेलो नाही. वकील म्हणाले, त्यांना माहीत होतं हे सिद्ध करावं लागेल, वर्षं जातील. वर्तमानपत्राच्या ओल्या पानावर किती भिस्त ठेवणार? तर ते राहिलं. माझी ही हार आहे, मान्य.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गवंडी येऊन बघून गेला. म्हणाला, बाई, भेग बाहेरून आहे, वरची तुळई आणि चिऱ्याची भिंत जिथे मिळते तिथे. आतून कितीही पुट्टी लावा, उपयोग नाही. बाहेरून परांची बांधून अख्खी बाजू करायला हवी. म्हणजे एकट्याच्या हातातलं काम नव्हे. त्यावर्षी सोसायटीची सेक्रेटरी मीच होते (कारकून दिसला की सगळे त्याच्या गळ्यात वही मारतात). नोव्हेंबरच्या सभेत मी विषय काढला. सगळे गप्प. बऱ्याच वेळाने खालच्या मजल्यावरच्या मावशी हळूच म्हणाल्या, "आमच्याकडेही आहे. दिवाणामागे." मग वरचे म्हणाले, आमच्याकडे फ्रीजमागे. पश्चिमेच्या बाजूला सहा फ्लॅट, आणि सहाच्या सहा घरांनी आपापली काळी भिंत एकेका कपाटाने झाकून ठेवली होती. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याच घरात आहे!

हे मला सगळ्यात जास्त लागलं. लपवण्याने आधी घेणारा फसतो हे खरं, पण शेवटी सगळीच इमारत फसते. बारा वर्षांत कधीही सहा जण एकत्र बसले असते, तर एकाच परांचीत काम झालं असतं. त्याऐवजी सहा घरं दर मे महिन्यात वेगवेगळा रंग विकत आणत होती.

सभेत एक गृहस्थ म्हणाले, "हे मिनिट्समध्ये लिहू नका. फ्लॅटच्या किमती पडतील." ते स्वतःचा फ्लॅट विकायच्या खटपटीत होते. मी लिहिलं. मोठा बाणेदारपणा वगैरे नाही, सभेत झालेलं वहीत यायला हवं ही नोकरीची सवय. पण पुढे जानेवारीत त्यांच्याकडे घर बघायला आलेलं एक तरुण जोडपं जिन्यात भेटलं. बाईच्या कडेवर मूल. तिने विचारलं, "मॅडम, बिल्डिंग कशी आहे?" आणि मी म्हटलं, "चांगली आहे."

चांगली आहे! घरात येऊन चहा केला आणि तो तसाच निवला. कायद्याने मी बांधलेली नव्हते, घर माझं नव्हतं, शेजाऱ्याशी वाकडं कशाला घ्या. ही सगळी कारणं खरी होती. पण ती मोजताना मला फोनवरचा तो शांत आवाज ऐकू येत होता. त्यानेही अशीच कारणं मोजली असतील. त्याला मी दोन वर्षं माहीत असल्याबद्दल दोष देत होते, मला तर दोन महिनेच झाले होते.

मी वर गेले आणि शेजाऱ्यांनाच सांगितलं, की त्यांना तुम्ही सांगा, नाहीतर ते पुन्हा विचारतील तेव्हा मी मिनिट्सची वही दाखवीन. ते खूप बोलले. काही बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यांनी सांगितलं. व्यवहार मोडला नाही. किंमत खाली आली, आणि परांचीचा आपला वाटा देऊ असं त्या जोडप्याने आधीच कबूल केलं. मार्च २०२४ मध्ये काम झालं. त्या शेजाऱ्यांनी सोडून जाईपर्यंत माझ्याशी शब्द बोलला नाही. तेही असो.

आमची भिंत आता बरी आहे. अगदी कोरडी म्हणणार नाही. पावसाच्या शेवटाला खालच्या कोपऱ्यात बशीएवढा डाग येतो. तिथे आम्ही काही ठेवत नाही. कपाट दुसऱ्या भिंतीला नेलं, मधे चार बोटं जागा सोडून. मुलीने त्या डागाला पेन्सिलने कड काढून तारीख घातली आहे, वाढतो का बघायला. आमच्याही घरात आता एक 'ओली भिंत' झाली.

घर घेणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. कागद बघाच, पण एप्रिलमध्ये घर पसंत पडलं तर जुलैमध्ये एकदा पुन्हा जा. पावसात, दुपारी, न कळवता जमलं तर उत्तम. पश्चिमेची भिंत विचारा. कपाटं उघडून नाक आत घाला. भिंतीला प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून दोन दिवस ठेवता आला तर ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब आले तर ओल भिंतीतून येते आहे. आणि नुसता ताजा रंग बघून पेंटरचा खर्च वाचला म्हणून खूश होऊ नका, माझ्यासारखं.

विकणाऱ्यांना काय सांगू? गोव्यात घराला ओल असते हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. ती कुठल्या भिंतीला आहे, एवढंच त्याला सांगा.