झाडीपट्टीला कानही आहेत

डिसेंबर उजाडला की शहरातल्या टीकाकारांना याद्यांचा ज्वर चढतो. वर्षातली दहा उत्तम पुस्तके, दहा उत्तम चित्रपट, दहा उत्तम रॉक अल्बम! हा अधिकार त्यांना कोणी दिला असे विचारणारा मनुष्य असंस्कृत ठरतो, म्हणून मी ते विचारीत नाही. मी एवढेच विचारतो की, या यादीकारांत चंद्रपूर-गडचिरोलीकडचा एखादा इसम कोणी कधी पाहिला आहे काय? आमचा उल्लेख येत नाही असे नाही. तो 'लोकसंगीत' या सदरात येतो. म्हणजे आम्ही ऐकायचे नाही, ऐकू यायचे! आमच्या जंगलातून तेंदूपत्ता जातो, मोहफूल जाते, बांबू जातो आणि बल्लारपूरला त्याचा कागद होत आला आहे. त्याच वाटेने आमचे गाणेही जाते. सरकारी भाषेत असल्या मालाला 'गौण वनोपज' असा शब्द आहे. कच्चा माल आमचा आणि अभिरुची त्यांची, असा हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या सुरळीत चालू आहे. तो थोडासा बिघडवावा, एवढ्याचसाठी हा लेख.

निमित्त जुने आहे. २०१६ च्या हिवाळ्यात एक विद्वान गृहस्थ आमच्या भागात रेला गाणी ध्वनिमुद्रित करायला आले होते. त्यांचे नाव-गाव सांगत नाही. तसले गृहस्थ अनेक आहेत आणि प्रत्येकाला तो मीच असे वाटण्याचा आनंद मिळावा. शाळेच्या ओट्यावर मुले गोळा झाली, ढोल आला, यंत्र सुरू झाले. तेवढ्यात एका माडिया मुलाच्या मोबाइलमधून मेटालिका नावाच्या अमेरिकन वाद्यवृंदाने एकच आरोळी ठोकली. गृहस्थांच्या चेहऱ्यावर सुतक उतरले. "अरे, हे तुमचं नाही रे," ते कळवळून म्हणाले.

"मंग तुमचं हाये का जी?" मुलाने विचारले.

या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. गृहस्थांची विजार अमेरिकन धाटणीची होती, ध्वनिमुद्रणाचे यंत्र जपानी होते. आक्षेप तेवढा स्वदेशी होता.

आता ते गाणे त्या मुलापर्यंत पोहोचले कसे, याचा खुलासा करतो, कारण अपराधाचा उगम माझ्या घरी आहे. माझा एक भाचा नागपूरला शिकत होता. सुटीत आला की तो पेनड्राइव्ह भरून गाणी आणी. "मामाजी, हे हेडफोन लावूनच आयका," असा त्याचा आग्रह असे. आमच्याकडे त्या काळी मोबाइलला रेंज यायची ती एका टेकडीवर, तीही वाऱ्याच्या लहरीप्रमाणे. तेव्हा इंटरनेटवरून गाणी उतरवणे म्हणजे भगीरथाचे काम. पेनड्राइव्हमधली गाणी तालुक्याच्या दुकानात जाऊन मेमरी कार्डात उतरवून घ्यायची आणि कार्ड हातोहात गावभर फिरायचे, हा आमचा ग्रंथालयाचा प्रकार. अशा रीतीने २०१६ सालचे बरेचसे उत्तम रॉक अल्बम मी आणि माझ्या शाळेतल्या थोराड पोरांनी ऐकले. मॅट्रिकच्या इंग्रजीच्या बळावर मी त्यांचे अर्थ लावले. तेव्हा यादी करण्याची आमची योग्यता सिद्ध आहे, असे समजून पुढे जातो.

'हे तुमचं नाही' या वाक्याचा समाचार घ्यायला रोलिंग स्टोन्ससारखे दुसरे साधन नाही. या सत्तरीच्या आसपासच्या इंग्रज म्हाताऱ्यांचा 'ब्लू अँड लोन्सम' २०१६ च्या २ डिसेंबरला निघाला. अवघ्या तीन दिवसांत त्यांनी तो ध्वनिमुद्रित केला होता आणि त्यात त्यांचे स्वतःचे असे एकही गाणे नाही. बाराच्या बारा गाणी जुन्या ब्लूजची. म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसांची. लिटल वॉल्टर, हाउलिन वुल्फ, जिमी रीड ही त्यातली नावे. कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्यांचे हे गाणे मिसिसिपीहून शिकागोला गेले आणि तिथून तबकड्यांवर बसून इंग्लंडात उतरले. या टोळीने आपले नाव सुद्धा मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून घेतले आहे. लंडनजवळच्या गोऱ्या पोरांना कोणी म्हटले नाही की, बाबांनो, हे तुमचे नव्हे, तुम्ही आपले मोरिस नृत्य करा. उलट २०१८ साली याच अल्बमला पारंपरिक ब्लूजचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले! लंडनच्या पोराने मिसिसिपीचे गायले तर ती परंपरा, आणि भामरागडच्या पोराने सॅन फ्रान्सिस्कोकडचे नुसते ऐकले तर तो सांस्कृतिक ऱ्हास. हा न्याय कोणत्या धर्मशास्त्रात आहे, ते मला कोणी दाखवावे.

लेनर्ड कोहेनला पंडित रॉकमध्ये धरोत न धरोत, आम्ही धरले आहे. कारण त्याचे आणि आमचे थोडे नातेच लागते. हा कॅनडाचा कवी १९९९ मध्ये मुंबईस आला तो रमेश बाळसेकरांची प्रवचने ऐकायला. बाळसेकर बँक ऑफ इंडियाचे निवृत्त प्रमुख, आणि त्यांचे गुरू निसर्गदत्त महाराज. आता महाराजांचे मुंबईत विड्यांचे दुकान होते, हे सर्वश्रुत आहे. विडीला पान लागते तेंदूचे. आणि तेंदूची पाने उन्हाळ्यात पहाटे उठून कोण तोडते, हे मी तुम्हांला सांगायला हवे काय? त्या दुकानातल्या एखाद्या कट्ट्यात आमच्या झाडीतली चार पाने नसतीलच, अशी शपथ कोणी घ्यावी! तर या आमच्या दूरच्या गुरुबंधूचा 'यू वाँट इट डार्कर' २१ ऑक्टोबरला निघाला आणि ७ नोव्हेंबरला तो ब्याऐंशीव्या वर्षी वारला. शरीर इतके थकलेले की घरातच खुर्चीत बसून गायला. पोटच्या पोराने ध्वनिमुद्रण सांभाळले. ते गाणे नव्हे, बोलणेच आहे. पण आमच्याकडे म्हातारा माणूस ओसरीवर बसून रात्री बोलतो तसले, की मध्येच उठून जाता येत नाही. मुलांनी हा अल्बम शांतपणे ऐकला. माझा तास ती कधी तशी ऐकत नाहीत.

डेव्हिड बोवीने तर कमालच केली. ८ जानेवारीला, आपल्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी, 'ब्लॅकस्टार' काढला आणि दोन दिवसांनी देह ठेवला. आजार गुप्त ठेवला होता. न्यूयॉर्कचे जाझ वाजवणारे साथीला घेतले होते, त्यामुळे सॅक्सोफोन ऐकून मुलांना वरात आल्यासारखे वाटले. वरात खरीच होती, फक्त दिशा वेगळी.

रेडिओहेडविषयी थोडक्यात. 'अ मून शेप्ड पूल' या त्यांच्या अल्बमात गाणी इंग्रजी वर्णानुक्रमाने लावली आहेत, हजेरीपटासारखी. मास्तर म्हणून मला हे पसंत पडले. बाकी तंतुवाद्यांचा रिमझिम पाऊस सुंदर आहे, परंतु धानाच्या बांध्यात भरण्याइतका नाही.

मेटालिकाचा 'हार्डवायर्ड... टू सेल्फ-डिस्ट्रक्ट' १८ नोव्हेंबरला आला. नावाचा अर्थ मी मुलांना 'आपलाच नाश करून घेण्याची उपजत खोड' असा सांगितला. नोटाबंदीला बरोबर दहा दिवस झाले होते, त्यामुळे कोणी उदाहरण मागितले नाही. दिवाळी सरून आमच्या नाटकांचा हंगाम नुकताच उभा राहत होता, आणि पाचशेच्या नोटा घेऊन आलेले पाहुणे तिकिटाच्या खिडकीवरून परत जात होते.

नाटकांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या मंडळ्या गावोगाव जातात. रात्री सुरू झालेले नाटक उजाडेपर्यंत चालते. त्यात पेटी असते, ऑर्गन असतो, हल्ली ऑक्टोपॅडही असतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. आता पेटी मूळची पॅरिसची! तिला परकी ठरवून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती तीस वर्षे टिकली. झाडीपट्टीतल्या एकाही पेटीवाल्याने त्यापायी भाता हलवायचे थांबवले नाही. जे वाजते ते आपले, हा आमचा साधा कायदा आहे.

रसिक म्हणतील, हे ठीक. पण त्या ध्वनिवर्धकाच्या गोंगाटात रेला बुडतो त्याचे काय? आक्षेप खरा आहे, आरोपी चुकीचा आहे. रेला गाण्याला शब्द लागतात, शब्दांना भाषा लागते. माडिया-गोंडी बोलणारे मूल शाळेत येते तेव्हा पहिल्या दिवसापासून त्याच्या कानावर मराठी पडते. मी स्वतः ते काम पगार घेऊन करतो. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली. त्या वेळी लोकसंगीताचे किती कैवारी धावून आले? गाणे पाहिजे, पण ते ज्या भाषेत आहे ती शाळेत नको. पान पाहिजे, झाड नको. मेटालिकाला कशाला बोल लावता? तिचा ढोल ऐकून तो माडिया पोरगा मला म्हणाला होता, "सर, थो ढोल बोलते, गिटार नुसती वरडते." असा अभिप्राय मी कोणत्याही इंग्रजी नियतकालिकात वाचलेला नाही. आणि असा कान रेल्यानेच तयार केला होता, हे विद्वान गृहस्थांच्या यंत्रात उतरले नाही.

बॉब डिलनला त्याच वर्षी साहित्याचे नोबेल मिळाले आणि गाणे हे साहित्य काय, यावर मराठी लेखकांनी चहाची पुष्कळ आधणे घातली. गंमत ही की, मे महिन्यात निघालेल्या त्याच्या 'फॉलन एंजल्स' या अल्बमात एकही ओळ त्याची स्वतःची नाही. सारी दुसऱ्यांची जुनी गाणी. पारितोषिक घ्यायला तो गेला नाही. त्याच्या बदली पॅटी स्मिथबाई गायल्या, मध्येच शब्द विसरल्या, क्षमा मागून पुन्हा गायल्या. स्टॉकहोमला प्रॉम्प्टर ठेवत नाहीत असे दिसते. वडशाच्या मंडळीत हे कदापि घडले नसते.

तर निकाल असा: पहिले स्टोन्स, दुसरा कोहेन, तिसरा बोवी. मेटालिकाला मुलांच्या बहुमताने चौथा क्रमांक. डिलनला नोबेल मिळाले आहे, त्याला आमच्या गुणांची गरज नाही. रेडिओहेडला मुलांनी नापास केले होते, मी कृपांक देऊन वर ढकलले. 'सैराट'चा विचार केला नाही. चारच गाणी, तीही लॉस एंजेलिसला जाऊन गोऱ्या वादकांकडून वाजवून घेतलेली, आणि त्यांचा निकाल आमच्या गावच्या वरातींनी एप्रिल-मे मध्येच लावून टाकला होता.