इंटिग्रेशनचा रियाज

जानेवारी उजाडला की आपल्याकडे जत्रांचा मोसम सुरू होतो आणि त्याच सुमारास बारावीच्या मुलांच्या घरांत शुकशुकाट पसरतो. पालखी दारावरून गेली तरी मूल टेबलावरून उठत नाही. सायन्सचे मूल असेल तर समोरच्या वहीत हमखास इंटिग्रेशनची गणिते असतात. पानभर तो लांबट, वाकडा ‘एस’ आणि ओळीच्या शेवटी ‘अधिक सी’. आईबापांना ती वही पाहून अभिमानही वाटतो आणि धडकीही भरते.

मी बरीच वर्षे उच्च माध्यमिकच्या वर्गांना गणित शिकवले. त्या काळात मला दोन प्रश्न सतत विचारले गेले. पालक विचारायचे, “मास्तर, एकाच तऱ्हेची शंभर-शंभर गणिते कशाला घालता हो मुलांना?” आणि मुले विचारायची, “सर, हें इंटिग्रेशन शिकून मागीर कितें करपाचें?” पहिल्या प्रश्नात तक्रार आहे, दुसऱ्यात खरी जिज्ञासा आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. गणिते घातलीच पाहिजेत, भरपूर घातली पाहिजेत. पण आज ज्या रीतीने ती घातली जातात त्या रीतीने शंभर काय, पाचशे घातली तरी मुलाच्या हाती फारसे काही लागत नाही.

आधी सराव का हवा ते पाहू. बारावीत मूल प्रथम डिफरन्सिएशन शिकते. तिथे नियम ठरलेले असतात. गुणाकार आला की हा नियम, भागाकार आला की तो नियम, नियम लावत जा, उत्तर हमखास येते. इंटिग्रेशन म्हणजे तोच रस्ता उलटा चालायचा. आणि उलट्या रस्त्याला पाट्या नसतात. आमच्या घरातल्या बायका आदोळीवर बसून नारळ खोवतात. खोवणे कुणालाही शिकवता येते. पण नुसता चव हातात घेऊन तो कुठल्या माडाचा नारळ होता हे सांगायचे तर त्याला जाणकारच हवा. इंटिग्रेशन हे तसे जाणकाराचे काम आहे आणि जाण सवयीनेच येते.

एक उदाहरण देतो. गणिताचा कंटाळा असलेल्यांनीही हा परिच्छेद गाळू नये ही विनंती. तीन अपूर्णांक घ्या. तिघांचाही छेद एकच, ‘एक्सचा वर्ग अधिक एक’. पहिल्याचा अंश एक, दुसऱ्याचा अंश एक्स, तिसऱ्याचा अंश एक्सचा वर्ग. दिसायला तिन्ही भाऊ अगदी सारखे. पण पहिल्याचे इंटिग्रेशन केले तर उत्तर ‘टॅन इन्व्हर्स एक्स’, म्हणजे एक कोन निघतो. दुसऱ्याचे केले तर छेदाच्या लॉगॅरिदमचा निम्मा भाग येतो. तिसऱ्यात अंशाला एक मिळवून एक वजा करावा लागतो, मग तो आपोआप सुटतो आणि ‘एक्स वजा टॅन इन्व्हर्स एक्स’ असे उत्तर येते. अंशात एवढासा फरक आणि तीन वाटा तीन दिशांना. कुठली वाट धरायची हे सांगणारा सर्वसाधारण नियम पाठ्यपुस्तकात नाही. तिन्ही वाटा अनेकदा तुडवलेला मुलगा अंशाकडे बघताक्षणी ओळखतो.

आणि काही ठिकाणी वाटच नसते. ‘ई’चा घात उणे एक्सचा वर्ग, हे दिसायला किती साधे! पण आपल्या ओळखीच्या फलांच्या भाषेत त्याचे इंटिग्रेशन लिहिताच येत नाही. अशा गोष्टींमागचा सिद्धांत फ्रान्सच्या लिऊव्हिल या गणितज्ञाने १८३०च्या दशकात मांडला. त्याच फलाला मागे एक ‘एक्स’ गुणून द्या, की तेच गणित दोन ओळींत सुटते. हे माहीत नसलेले मूल पहिल्या गणितावर तासभर डोके फोडते आणि शेवटी स्वतःला ‘ढ’ समजते.

गोव्यातल्या माणसाला हे समजायला खरे तर कठीण जाऊ नये. आपण रियाज काय असतो ते पाहिलेली माणसे. गायकाच्या घरी पहाटे पलटे चालत. सा रे ग, रे ग म, ग म प... ऐकणाऱ्याला कंटाळा येईल इतके. त्या पलट्यांना कुणी गाणे म्हणत नाही, पण मैफलीत जी जागा क्षणात सुचल्यासारखी वाटते ती त्या पलट्यांतून आलेली असते. पर्वतचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरून समेवर येत अशी त्यांची ख्याती. ते लयीचे गणितच होते, आणि ते काही कागदावर सूत्र पाठ करून साधलेले नव्हते. आपल्या जुन्या मराठी शाळांतही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सूर लावून म्हणत. त्या पाठांतराला आज आपण हसतो. पण दुकानावर बसलेला माणूस अडीच शेराचा हिशेब तोंडी करीत असे तो त्याच जोरावर.

मग आक्षेप कशाला? आक्षेप असा की आजचा सराव रियाज राहिलेला नाही. रियाजात कान जागा असतो. आपल्या शिकवण्यांत जे चालते ते वेगळे. तिथे ‘टाइप वन’, ‘टाइप टू’ असे कप्पे केलेले असतात. टाइप वनची वीस गणिते ओळीने, मग टाइप टूची वीस. मुलाला वाट ओळखावीच लागत नाही, कारण वरच्या मथळ्याने ती आधीच सांगितलेली असते. जी गोष्ट शिकायची तीच वगळली! मग परीक्षेत मथळा नसलेले गणित समोर आले की मूल म्हणते, “हा टाइप शिकवलाच नव्हता.”

दुसरी गोष्ट प्रवेश परीक्षांची. तिथे बहुतेक प्रश्नांना चार पर्याय असतात. इंटिग्रेशनच्या प्रश्नाला तर एक पळवाट कायम उघडी आहे: चारही पर्यायांचे डिफरन्सिएशन करून बघायचे, जे मूळ प्रश्नाशी जुळेल त्यावर खूण करायची. मुले हुशार असतात, त्यांना हे कुणी न सांगताही समजते. मी त्यांना दोष देत नाही. वेळ मोजका असला की मीही तेच करीन. पण त्या प्रश्नाने इंटिग्रेशनची परीक्षा झाली नाही, डिफरन्सिएशनची झाली, एवढे तरी आपण मान्य करावे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. कोविडनंतर मुलांवरचा भार कमी करायचा म्हणून एनसीईआरटीने २०२२ साली पुस्तके छाटली. बारावीचे हे गणिताचे पुस्तक आपल्याकडेही चालते. इंटिग्रेशनच्या प्रकरणातून ‘बेरजेची सीमा म्हणून इंटिग्रेशन’ हा भाग गेला. पुढच्या प्रकरणातून दोन वक्रांमधले क्षेत्रफळ काढण्याचा भाग गेला. युक्त्यांची गणिते मात्र पुष्कळशी राहिली. भार हलका करायला माझी ना नाही. पण घर रिकामे करताना देव्हारा बाहेर काढायचा आणि अडगळ ठेवायची, असा हा प्रकार झाला. कारण बेरीज हाच इंटिग्रेशनचा प्राण आहे. लायबनिट्सने १६७५ च्या ऑक्टोबरात ते चिन्ह पहिल्यांदा लिहिले तेव्हा लॅटिनमधल्या ‘सुम्मा’ म्हणजे बेरीज या शब्दाचे पहिले अक्षर लांबट काढले होते. पानभर ते चिन्ह काढणाऱ्या मुलाला ते बेरजेचे चिन्ह आहे हेच ठाऊक नसेल, तर त्याने नक्की कशाचा सराव केला?

बेरीज कसली, ते आपल्याच मातीतल्या उदाहरणाने सांगतो. सांगे तालुक्यातल्या साळावली धरणाचे पाणी दक्षिण गोव्यातल्या घराघरांत येते. त्या जलाशयाखाली कुर्डी गाव गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म १९०४ साली तिथलाच. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मे महिन्यात गावाचे अवशेष वर येतात आणि जुने गावकरी तिथे जमतात, हे आपण सगळे जाणतो. आता प्रश्न असा की अशा जलाशयात पाणी किती आहे हे मोजायचे कसे? जमीन उंचसखल, काठ वेडावाकडा. लांबी-रुंदी-खोलीचा गुणाकार इथे चालत नाही.

मग थर करायचे. समजा (आकडे केवळ उदाहरणासाठी) अगदी तळच्या पातळीला पाण्याचा पसारा १० हेक्टर आहे आणि एक मीटर वर तो १४ हेक्टर होतो. त्या एका मीटरच्या थराचा सरासरी पसारा १२ हेक्टर धरा, म्हणजे पाणी झाले एक लाख वीस हजार घनमीटर. पुढच्या मीटरला पसारा १४ वरून २० हेक्टरवर गेला, सरासरी १७, पाणी एक लाख सत्तर हजार. दोन थर मिळून दोन लाख नव्वद हजार घनमीटर. असे थरावर थर रचत जायचे. थर मीटरऐवजी वीतभर जाडीचे केले तर हिशेब अधिक बिनचूक, बोटभर केले तर आणखी बिनचूक. थर पातळ करत करत जिथे ही बेरीज स्थिर होते ते इंटिग्रेशन. झाले, एवढेच! हे दहावीच्या मुलालाही कळते. माझ्या वर्गात हे उदाहरण सांगितल्यावर मागच्या बाकावरची मुले बोलू लागायची. खाजनाच्या मानशीतून भरतीला किती पाणी आत येते, तेही असेच काढायचे का? हो, तसेच. पाणी आत शिरण्याचा वेग दर घटकेला बदलतो, म्हणून लहान लहान घटकांची बेरीज करायची.

इथे भाषेचा मुद्दाही येतो. आपल्या मुलाचे प्राथमिक शिक्षण मराठीत होते, पाचवीपासून पुस्तक इंग्रजी, आणि वर्गात शिक्षक समजावतात ते बरेचसे कोकणीत. ‘इंटिग्रेशन’ हा शब्द त्याच्या कानावर मंत्रासारखा पडतो, अर्थाशिवाय. कोशांत ‘समाकलन’ असा शब्द आहे, तो वापरा असा माझा हट्ट नाही. तोही मुलाला तितकाच परका वाटेल. पण ‘बारीक तुकड्यांची बेरीज’ म्हणायला काय हरकत आहे? केरळात संगमग्रामच्या माधवाने चौदाव्या शतकाच्या सुमारास वर्तुळाच्या परिघासाठी जी अनंत श्रेणी शोधली तिची उपपत्ती अशाच तुकड्यांच्या बेरजेवर उभी आहे. आणि ज्येष्ठदेवाने ती साधारण १५३० साली ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात लिहिली ती संस्कृतात नव्हे, चक्क मल्याळममध्ये. लोकांच्या भाषेत समजावले म्हणून गणिताची उंची कमी झाली नाही. कोकणी की मराठी हा आपला वाद चालू राहील, निदान गणिताच्या तासाला दोघींनाही आत येऊ द्यावे.

आता कुणी म्हणेल, मास्तर, हे सगळे आज फोन करतो. खरे आहे. गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर येते. पण ही गोष्ट वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत जेम्स स्लॅगल याने १९६१ साली इंटिग्रेशन सोडवणारा प्रोग्राम लिहिला. त्याला दिलेल्या ८६ गणितांपैकी ८४ त्याने सोडवली. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच यंत्र परीक्षेत पास झाले होते. त्यानंतरही जगभर मुले ही गणिते हाताने सोडवत राहिली. तंबोरा विजेवर वाजू लागला म्हणून कुणी गळ्याचा रियाज थांबवला नाही. उत्तर यंत्राकडून घ्यावे, माझी हरकत नाही. पण यंत्राला काय विचारायचे आणि आलेले उत्तर शक्यतेतले आहे की नाही, हे बघणारी नजर आपलीच लागते. जलाशयातले पाणी उणे आले तर यंत्र लाजत नाही.

म्हणून शिक्षकांना आणि शिकवणीवाल्यांना माझे सांगणे थोडके आहे. शंभर गणिते घाला, पण मथळे काढून, सगळे प्रकार मिसळून घाला. पेन टेकवण्याआधी वाट कुठली आणि का, हे मुलाला एका वाक्यात बोलायला लावा. उत्तर आले की त्याचे डिफरन्सिएशन करून मूळ गणित परत येते का ते पाहण्याची सवय लावा. मागे उत्तरे बघण्यापेक्षा ती शंभर पटींनी बरी. दहा गणितांमागे एक तरी गणित पाण्याचे, जमिनीचे, वेगाचे असू द्या. आणि छाटलेला तो बेरजेचा भाग परीक्षेत नसला तरी दोन तास काढून शिकवा. त्या दोन तासांसाठी कुणी तुम्हाला जाब विचारणार नाही.

पालकांना इंटिग्रेशन येत नाही, हे मी जाणतो. त्याची गरजही नाही. आज रात्री जेवताना मुलाला एवढेच विचारा, “आज जी गणिते केलीस त्यांतल्या एका उत्तराने नक्की काय मोजले, ते मला आपल्या भाषेत सांग.” त्याला सांगता आले तर तो योग्य वाटेवर आहे. नाही आले, तर आणखी एक शिकवणी लावण्याआधी त्याच्या मास्तरांना एकदा भेटा.