मैदानाचे माप आणि समता

कबड्डी हा स्पर्शाचा खेळ. ज्या समाजाला शतकानुशतके स्पर्शच नाकारला गेला, त्याची मुले तो जीव ओतून खेळतात, याचा आम्हांस अभिमान आहे. तथापि आमची एक चूक येथे प्रांजळपणे नमूद करतो.

पुरुषांचे क्रीडांगण 13 बाय 10 मीटर, महिलांचे 12 बाय 8, तर किशोर-किशोरींचे 11 बाय 8 मीटर असते. निदान रेषा पुरुषांसाठी मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर, महिला व किशोर गटांसाठी 3 मीटरवर असते. कोणालाही स्पर्श न करता आणि ती रेषा न ओलांडता परतणारा चढाईपटू बाद होतो. आमच्या पटांगणात मात्र वर्षानुवर्षे एकच मैदान आखले जाते, तेही पुरुषांचे. सहावीतील मुलगी त्या रेषेपर्यंत पोहोचत नाही आणि आम्ही तिलाच दुबळी ठरवतो.

सर्वांना एकच माप लावणे म्हणजे समता नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद 15(3) ने स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतुदीस वाव दिला, तो उपकार म्हणून नव्हे. मैदानाचे लहान मापही सवलत नसून न्याय आहे.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, पुढील भेटीत दोरी व फक्की घेऊन या. दुसरे मैदान आपण मिळून आखू. जयभीम!