अंतर कोसांत कीं तासांत?

परदेशीं स्थायिक झालेल्या मुलानें आईवडिलांस भेटीस बोलावलें, कीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो हा: "तें गांव येथून किती दूर?" कोणी किलोमीटरांचा आंकडा सांगतो आणि प्रश्न सुटला असें सर्वांस वाटतें. परंतु साठी उलटलेल्या प्रवाशास त्या आंकड्याचा उपयोग थोडा. त्याच्या गुडघ्यांस कळतात ते तास.

दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को हीं दोन शहरें घ्या. पृथ्वीच्या गोलावर दोहोंमध्यें दोरा ताणला, तर तो उत्तरेकडे चढून आर्क्टिक प्रदेशावरून पलीकडे उतरतो. लांबी सुमारें १२,४०० किलोमीटर. विमानास मात्र हा दोरा जसाच्या तसा धरतां येत नाहीं. एअर इंडियाचें विमान पूर्वीं पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्यें कंपनीनें तें पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेलें. हा मार्ग सुमारें १,४०० किलोमीटरांनीं अधिक, एकूण १५,००० किलोमीटरांहून लांब. तरीहि विमान सुमारें साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वींपेक्षां जवळजवळ दोन तास कमी वेळांत, पोंचलें!

याचें कारण वारा. विमानें ज्या उंचीवरून जातात, तेथें या अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रबळ वायुप्रवाह वाहतात. ताशीं ९०० किलोमीटर वेगाच्या विमानास ताशीं १०० किलोमीटरांचा वारा समोरून आला, तर भूमीवरील त्याची गति ८०० होते. तोच पाठीशीं असला तर १,०००. प्रवाहाबरोबरचें दूरचें गांव प्रवाहाविरुद्धच्या जवळच्या गांवाआधीं गांठतां येतें, हें कोणताहि नावाडी जाणतो. वाऱ्याखेरीज राजकारणहि आहेच. एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्ताननें आपलें आकाश भारतीय विमानांस बंद केलें, तेव्हां शहरें होतीं तेथेंच राहिलीं, पण पश्चिमेकडील प्रवास लांबले.

तिकिटावरील वेळांनींहि फसूं नये. त्या त्या शहराच्या स्थानिक घड्याळाप्रमाणें त्या छापतात. हिवाळ्यांत सॅन फ्रान्सिस्कोचें घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागें असतें. समजा, विमान दिल्लीहून पहाटे चारला निघालें व सोळा तास उडालें. तर तें तेथें त्याच तारखेस सकाळीं साडेसहाला उतरेल. कागदावर प्रवास अडीच तासांचा दिसेल! आपल्या घड्याळांत मात्र तेव्हां रात्रीचे आठ वाजलेले असतील.

आपल्या पूर्वजांस हें मर्म ठाऊक होतें. 'योजन' हा शब्द 'युज्', म्हणजे जुंपणें, या धातूपासून आला. एकदां जुंपलेलीं जनावरें न सोडतां जेवढी वाट चालत, तेवढें योजन. त्या मापांत वाटेबरोबर चालणाऱ्याच्या दमाचाहि हिशेब होता. आजचें विमान दिल्लीस जुंपतात तें सॅन फ्रान्सिस्कोसच सोडतात. पण आंत बसलेल्या माणसाचा दम पूर्वींचाच आहे.

म्हणून वडीलधाऱ्यांचें तिकीट काढतांना किलोमीटर विचारूं नयेत. एका बैठकीस किती तास, वाटेंत विमान बदलावें लागतें काय आणि तेथें किती वेळ थांबावें लागतें, हें विचारावें. विमानांत मधून मधून उठून चार पावलें चालावें, पाणी पीत राहावें. आणि पोंचल्याचा निरोप केव्हां येईल, हें घरीं राहणाऱ्यांनीं तासांवरून आधींच मांडून ठेवावें. म्हणजे निष्कारण घोर लागत नाहीं.